समीरचा हातपंप

प्रिय चिंतामणी,

हुडको कॉलनीतल्या आपल्या गल्लीत संध्याकाळी सायकली भिंतीला टेकवलेल्या असायच्या. एकदा तू माझ्या भावाच्या, समीरच्या, सायकलच्या व्हॉल्व्हची पिन नखाने दाबलीस आणि माझं बोट त्या हवेखाली धरलंस. "बघ गीता, किती गार!" दाबातली हवा एकदम मोकळी झाली की थंड पडते, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टरांआधी मला तू शिकवलंस. हवा संपली तरी बोट सोडलं नव्हतंस. तेवढ्यात समीर धावत आला, चड्डी सावरत, रडवेला. "ताई, माह्या सायकलची हवा कावून सोडून राहिले तुम्ही?" मग तूच हातपंपाने हवा भरून दिलीस. त्या दिवसापासून तो तुझ्याच मागे. चिंतूदादा म्हणेल ती पूर्व दिशा.

तो पंप अजून माझ्याकडे आहे. परवाच सुपेल्याच्या बाजारातून त्याचं वॉशर बदलून आणलं. सुपेल्याच्या चौकात आता इतकी गर्दी असते की तू ओळखणार नाहीस. आईला हल्ली नीट ऐकू येत नाही, पण तुझं नाव मात्र लगेच ऐकू येतं. "त्याले इचार, माह्या पोराले तिथं उभा कावून केला?" मी विचारत नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

समुद्राच्या तळाशी पाणी थंडगार आणि तिथल्या विहिरीतून निघणाऱ्या गॅसमध्ये ओल. व्हॉल्व्हच्या अरुंद फटीतून गॅस निसटला की आणखी थंड पडतो आणि पाणी व गॅस मिळून बर्फासारखा घट्ट हायड्रेट जमतो. पाइपला बूचच बसतं. समुद्रातल्या तुझ्या प्लॅटफॉर्मवर, जिथे समीर तुझ्याच हाताखाली कामाला होता, तसंच झालं. दोन्ही बाजूंचा दाब बरोबरीने, सावकाश उतरवायचा आणि बूच विरघळू द्यायचं, ही रीत तुलाही माहीत होती. पण तिला दिवस लागतात आणि तुला घाई होती. तू एकाच बाजूचा दाब सोडायला लावलास. बूच गोळीसारखं सुटलं आणि पाइपच्या वळणापाशी समीर होता, तूच पाठवलेला. चौकशीत तू सांगितलंस, तो चुकीच्या जागी उभा होता. तेरवीला आलास, आमच्या पंगतीत बसून जेवलासही. तुझ्या पानात वरण मीच वाढलं.

तुला वाटलं असेल, गीता रडून गप्प बसली. रडले. मग कॉलेजात शिकवत राहिले. सिस्टर एकेक चूक पानभर लिहून घ्यायच्या, हे तुला सांगून मी किती हसले होते! आता मी प्रत्येक बॅचकडून पानभर लिहून घेते: 'बूच बसल्यास दाब दोन्ही बाजूंनी उतरवावा. चिंतामणी कापगते यांनी एका बाजूने उतरवला. त्यात समीर हरडे गेला.' पोरं कुरकुरतात, "मॅडम, इंजिनिअरिंग में भी इम्पोझिशन?" हो, बाळांनो, इथेही. तुझ्या कंपनीत जागा निघाल्या की त्यांच्या शिफारशी मी अगदी मनापासून लिहिते.

त्यातच दामिनी आली. तुझ्यापासून वेगळ्या झालेल्या आईचं आडनाव लावून आली, पण हसताना डावा डोळा बारीक करायची तुझी सवय कुठे लपते? लिहिता लिहिता थांबली. "मॅडम, ये तो मेरे पापा हैं।" मी म्हटलं, "मला माहीत आहे. पान पूर्ण कर." तिने केलं. त्या दुपारी मला फार बरं वाटलं, चिंतामणी. आणि ती बोटांवरची शाई रुमालाने पुसत बाहेर गेली, तेव्हा वाईटही वाटलं. पण बरं जास्त वाटलं.

काल इतक्या वर्षांनी तुझा फोन आला. बंद पडलेली विहीर पुन्हा सुरू करायची आहे, मोठे पाहुणे यायचे आहेत. हायड्रेट जमू नये म्हणून घालायच्या मेथॅनॉलचा पंप बिघडलाय, आणि तू म्हणतोस, व्हॉल्व्ह एकदम उघडून टाकू. व्हॉल्व्ह चालवायच्या पॅनलवर दामिनीची शिफ्ट आहे आणि मी शिकवलेली ती पोरं त्याला हात लावत नाहीत. सगळ्यांदेखत लेकीने बापाला नाही म्हटलं. "तू सांग ना त्यांना, गीता, तुझंच ऐकतील. माझी इज्जत चालली." त्याचं उत्तर म्हणून हे पत्र. नाही सांगणार. जाऊ दे तुझी इज्जत. समीरच्या इज्जतीसाठी कुणी फोन केला नव्हता.

आता कुणाला काय द्यायचं ते ठरवलंय. समीरचं घड्याळ त्याच्या बायकोला, मोनाला. माझी पुस्तकं दामिनीला, आणि तिने लिहिलेलं ते पानही तिलाच. तिने ते कमावलंय. मेथॅनॉल विहिरीला, व्हॉल्व्हच्या अलीकडे, पंप दुरुस्त झाल्यावरच. आणि हातपंप तुला, कुरिअरने पाठवते आहे. व्हॉल्व्ह उघडण्याआधी पलीकडचा पाइप गॅसने भरून तिथला दाब वाढवायचा असतो, म्हणजे गॅस एवढा थंड पडत नाही. मग हळूहळू उघडायचं. जमलं नाही तर दामिनीला विचार. सगळ्यांसमोर विचार.

त्या गार बोटाची,
तुझीच
गीता