आयुधपूजेची वायर

बुध. १ ऑक्टो., आयुधपूजा

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये पाय ठेवीन तिथे झेंडू. लेथला हार, ड्रिलला हार, नव्या ऑइल-हीटरला सगळ्यात जाड. अण्णा कारखान्याचा मालक असला तरी माझा सख्खा भाऊ. त्याचे हट्ट मला पाठ आहेत. पूजा झाली की प्रत्येक मशीन क्षणभर तरी चालू व्हायलाच हवं. हीटर होईना. होणारच नाही! तेल वाहत नसेल तर आत वीज जाऊच नये म्हणून फ्लो-स्विच असतो. अण्णाने पॅनेल उघडलं, वायरचा तुकडा जोडून स्विच बाद केला. दिवा लागला, टाळ्या.

मी भडकले. "स्वल्प गप्प बस गं सुधा, सणाचा दिवस. लगेच काढतो."

मग दृष्ट काढायचा कुंकू भरलेला कोहळा फाटकाबाहेर आपटला. कुंकवाने रस्ता लाल.

संध्याकाळी फोन केला. काढलीस? "काढली, सरी, बरं, काढली."

शुक्र. ३ ऑक्टो.

मंजू जळला.

उद्या माल जायचा म्हणून आमचा टेस्टिंगवाला मंजुनाथ हीटर तपासत होता. पंप मध्येच बंद पडला. ग्राइंडरच्या आवाजात कुणाला कळलं नाही. हीटरने स्वतः बंद व्हायला हवं होतं. झाला नाही. तेल जागच्या जागी तापत राहिलं. तापमान मोजणारा सेन्सर पुढच्या पाइपात. तेल वाहतच नाही तर त्याला काय कळणार? झाकणाचं गॅस्केट फुटलं. धडाम. उकळतं तेल मंजूच्या छातीवर, हातांवर. तो ओरडला ते ऐकवत नव्हतं. शर्ट कातडीला चिकटला होता.

अँब्युलन्स गेल्यावर पॅनेल उघडलं. वायर तिथेच. तिच्यावर अण्णाच्या बोटांचं कुंकूसुद्धा.

सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत मारली. दोनदा. दुसरी जास्त जोरात. "बाहेर बोलू नकोस," एवढंच म्हणाला. तिसरी मारायची राहिली.

शनि. ४ ऑक्टो.

अण्णाने सगळ्यांना सांगितलंय, वायर रवीने ठेवली. रवी, इलेक्ट्रिशियन. पूजेच्या दिवशी तो तुमकूरला, सासरी!

"अक्का, मी नव्हतोच ना हो इथे?" रडत होता.

अण्णाला म्हटलं, नीच आहेस. म्हणाला, "आणि तू? माझी बहीण ना तू?" जेवले नाही. पातेलं भिंतीवर फेकलं. पोचा पडला.

मंजू शुद्धीवर नाही. बायको रेणुका काचेला डोकं लावून बसलीय.

सोम. ६ ऑक्टो.

लिहवत नाही, पण लिहिते.

मंजूचे दोघे भाऊ निपाणीहून आले. हातात सळया. "यारु? यारु माडिद्दु? कोण तो, दाखवा!" कुणीतरी रवीकडे बोट केलं. केस धरून फरफटत फाटकापर्यंत नेला. पहिली सळई पाठीवर, दुसरी गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला. अण्णा ऑफिसच्या दारात उभा. बघत होता. नुसता बघत होता!

मी ओरडले. "त्याने नाही! वायर अण्णाने लावली! मी पाहिलंय!"

एक क्षण सगळे थांबले. मग धाकटा भाऊ अण्णाकडे धावला.

मी मध्ये पडले, कोपर बसलं, दात हलला. अण्णाचं डोकं फुटलं. रक्त शर्टाच्या खिशात साचत होतं. "पुरे, पुरे" म्हणून किंचाळत होते, कोणाला ते ठाऊक नाही.

मंगळ. ७ ऑक्टो.

हॉस्पिटलात मंजू वरच्या मजल्यावर, अण्णा खालच्या. रवी हाडांच्या वॉर्डात. मंजूने डोळे उघडले म्हणतात, बोलत नाही.

वहिनी अण्णाच्या खोलीच्या दारातच आडवी आली. "तुझ्या तोंडून त्याचं नाव निघालं. पाठच्या बहिणीच्या!" हो, निघालं. पुन्हा निघेल. 

बुध. ८ ऑक्टो.

वहिनी चहाला खाली गेली तेव्हा आत शिरले. अण्णाचं अर्धं तोंड सुजलेलं. "उद्या फॅक्टरी इन्स्पेक्टर इथे जबाब घ्यायला येणार. काय सांगणार?"

"तेच."

"मी जेलमध्ये जाईन, सुधा."

"माहीत आहे."

भिंतीकडे वळला. म्हणाला, "उद्या तुझ्या वहिनीला घरी ठेव. तू सांगशील ते तिने ऐकायला नको."

हात धरला त्याचा. त्याने इतका आवळला की नखं रुतली, रक्त आलं. राग होता की आधार, कळलं नाही. मी सोडवून घेतला नाही.