जुन्या लॅपटॉपवरची चाचणी

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळतोच आहे. प्लंबर 'उद्या येतो' म्हणतो, पण त्याचा उद्या काही उजाडत नाही. तुझी सर्दी गेली का?

आपल्या प्रकल्पाच्या पानावरचा तुझा जाहीर माफीनामा वाचला. 'जुन्या विंडोजवर "वाचक" मुका झाला, चूक सर्वस्वी माझी.' त्याखाली लोकांनी उलट तुलाच धीर दिलाय. इतकं गोड तर माझं कौतुकही कधी कुणी केलं नाही!

दुखतं माझ्या पोटात, खोटं कशाला बोलू? डोळ्यांनी अधू माणसांना मजकूर वाचून दाखवणारा हा 'वाचक' मी सहा वर्षं खपून लिनक्सवर लिहिला, त्याचा कोड सगळ्यांना खुला ठेवला. वापरणारे किती, तर चाळीस. तू तो विंडोजवर आणि फोनवर चालता केलास आणि वर्षभरात हजारो झाले. आई शेजारच्या काकूंना सांगते, "आमच्या धाकटीने केलाय हो!" मी तिथेच बसलेली असते.

तू लिहिलंयस, "ताई, तू तपासलं होतंस, म्हणजे बिघाड नंतरच शिरला असणार." जेवणखाण सोडून शोधत बसली आहेस म्हणे. नको शोधूस.

एकीने लिहायचं, दुसरीने तपासायचं, हा आपला नियम. तुझा हा नवा बदल आला तेव्हा मी कपाटातला जुना विंडोजचा लॅपटॉप काढला. वाचकाने एक वाक्य वाचलं आणि थांबला. पुन्हा चालवला, पुन्हा थांबला. आवाजाची जी सोय तू वापरलीस, ती त्या जुन्या विंडोजमध्ये नव्हतीच. हे कळायला मला दहा मिनिटं लागली. तुला कळवायला एक ओळ पुरली असती. मी लिहिलं, 'तपासलं, चालतंय.' वाटलं, पडू दे एकदा तोंडघशी.

डोळे अधू झाल्यापासून आईही वाचकावरच विसंबून आहे आणि तिच्याकडेही तेच जुनं विंडोज आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन दिवस ती बटणं चाचपत बसली होती. मग मला फोन केला. "माझ्याकडूनच काहीतरी भलतं दाबलं गेलं गं. धाकटीला सांगू नकोस हं, तिने एवढी मेहनत घेतलीये."

तेव्हासुद्धा मला आधी तुझा हेवा वाटला. आईची दया नंतर आली.

दुरुस्ती सोबत जोडली आहे. आईकडे जाऊन तिच्याच मशीनवर तपासली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हेही तिला सांगितलं. कुणाचं चुकलं, तेही सांगितलं.

आज संध्याकाळी प्रकल्पाच्या पानावर हे सगळं माझ्या नावाने लिहिते आहे. तुझी माफी तिथून काढून टाक. ती मी मागायची होती.

अजूनही तुझा हेवा करणारी,
ताई