सारवलेली भुई

३ नोव्हेंबर

फॉरेन्सिकच्या वर्गात सरांनी फोटो दाखवला. पाड्यावरचं घर, गुन्ह्याची जागा, आणि जमीन नुकतीच सारवलेली. "घरच्यांनी पुरावाच सारवून टाकला!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

शेजारच्या बाकावरच्या निलमने विचारलं, तुमच्याकडे असतं का गं असं? म्हटलं, छे! आम्ही डहाणू रोडचे, स्टेशनजवळचे. घरात फरशी आहे.

फरशी! गंजाडच्या आमच्या घरात!

९ नोव्हेंबर

सुट्टीला घरी. दिवसभर भात झोडला. हात सोलवटलेत.

११ नोव्हेंबर

लिहायलाही लाज वाटतेय.

सकाळी शेजारची रूपीकाकू घरात मेलेली सापडली. डोक्याला मार. नवरा तुक्या म्हणतो, पाय घसरला. तिला तपासणीसाठी डहाणूला नेलं. दहाला सरांचा फोन — "गंजाडची केस आहे, व्हॅन निघाली. तू डहाणू रोडलाच ना? वाटेत चढ." निलमही येतेय म्हणे!

काकूच्या घरात आई शेण कालवत होती. "मयत उचललं, आता भुई सारवाया पायजे." तिला थांबवायला हवं होतं. पहिल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट — कशाला हात लावायचा नाही. पण मला दिसलं काय? रक्त, सांडलेली पेज, कोंबड्यांची घाण. आणि हे सगळं बघणारी निलम. "आई, तू हो बाजूला, मी पटकन करते." कोपऱ्यापर्यंत सारवलं. हात धुतले, रिक्षा पकडली, स्टेशनवर व्हॅनमध्ये चढले.

तासाभरात पुन्हा त्याच दारात. आता मास्क, हातमोजे. सर भडकले, "कोणी सारवलं हे?" आई पुढे आली. "मीच, साहेब." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीच बजावलं होतं ना — कॉलेजचं कोणी असलं तर ओळख दाखवू नकोस.

मी वहीत लिहून घेतलं — सारवणारी बाई भिकी, शेजारीण.

शेजारीण म्हणे!

१२ नोव्हेंबर

कॉलेजला परत आले.

१४ नोव्हेंबर

काकू पडून मेली नाही, डॉक्टरांनी लिहून दिलं. पोलीस आईला विचारतायत, तुक्याने सांगितलं का सारवायला? तिचं एकच — मीच सारवलं. उद्या तिला ठसे घ्यायला इकडे कॉलेजच्या लॅबमध्ये आणणार आहेत. माझ्या हातून काकूचा न्याय पुसला गेला, आणि भोगतेय आई.

१५ नोव्हेंबर

सारवणात कोपऱ्याला बोटं नीट उठलीत. सर म्हणाले, "त्या भिकीचे ठसे तूच घे, सराव होईल." आई समोर बसली. मान खाली, हात पुढे.

शाईचा रूळ मी माझ्याच पंजावरून फिरवला. हात कागदावर दाबला. "सर, ही माझी आई. शेणातली बोटं माझी आहेत."