फुललेल्या बांबूखालचे घर

मी, रुखमाबाई बाबाराव नगराळे, वय वर्षे एकाहत्तर, धर्म बौद्ध, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मौजे चिंचमाळ, खालचा मोहल्ला, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा राजदीप गेल्या वर्षापासून गावात सांगत फिरतो की मायले भ्रम झाला. मला भ्रम झालेला नाही. मी कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. भीतीने मात्र लिहीत आहे, आणि ती भीती कशाची ते पुढे येईल.

१. माझ्या नावावर खालच्या मोहल्ल्यातले घर, त्याला लागून बांबूकामाची शेड, घरामागची पडीक पट्टी व तिच्यावरचा बांबू, आणि माळावरची दोन एकर जमीन एवढी मिळकत आहे. सर्व माझी स्वकष्टाची किंवा माझ्या यजमानांकडून आलेली आहे. तिच्यावर कुणाचा बोजा नाही.

२. पट्टीविषयी. घरामागे जो डोंगर दिसतो तो डोंगर नव्हे. बंद पडलेल्या कोळसा खाणीतून उपसून टाकलेल्या मातीचा तो ढिगारा आहे. नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्यात भर दुपारी त्याची एक बाजू सुटली आणि आमच्या गोठ्यावर आली. माझे यजमान बाबाराव बैल सोडायला आत गेले होते. बैल बाहेर आले. मोहल्ल्यातली बाकीची घरे त्या वर्षी वर सरकली. आमच्याकडे वर जागा नव्हती, म्हणून आम्ही खाली राहिलो. माळाची जमीन मी नंतर घेतली.

त्या मातीत गवतसुद्धा धरत नव्हते. तेव्हा तांड्यावरची लालीबाई पवार म्हणाली, "बांबू लाव. त्याले माती चांगली लागत नाही, माती धरता येते." तांड्यामागे बांबूचे एक जुने बेट होते. त्याचे कंद खोदून आम्ही दोघींनी डोक्यावर वाहून आणले आणि ढिगाऱ्याच्या पायथ्याशी सगळीकडे लावले. तिसऱ्या वर्षी पायथा हिरवा झाला. त्यानंतर माती एकदाही खाली आली नाही.

त्याच बांबूवर मी राजदीपला वाढवले. आधी टोपल्या, सुपे आणि कुडाचे तट्टे केले. पुढे खुर्च्या, खाटा, शाळेच्या मंडपाचे छप्पर, रोपांभोवतीची कुंपणे केली. पावसाळ्यात कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजी खाल्ली. तोडला तरी तो पुन्हा उगवतो. लाकडासाठी आम्ही कधी एक झाड पाडले नाही, आणि शेडमधून वाया काही गेले नाही. सोललेल्या चोयट्या चुलीत जात आणि पाला मातीत. असे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही.

३. दोन हिवाळ्यांपूर्वी बांबू फुलला. आधी एका बेटाला तुरे आले, मग सगळ्यांना. मी लालीबाईला बोलावले. तिने एक तुरा हातात घेतला आणि ती खालीच बसली.

"रुखमा, तिकडं तांड्यामागं याडीबी फुलली," ती म्हणाली. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. ज्या जुन्या बेटाचे कंद आणले, तेही त्याच हिवाळ्यात फुलले होते. आमच्या बांबूचे वय आम्ही लावले त्या दिवसापासून धरत होतो. पण त्याने वय आईचेच घेतले होते.

हा बांबू आयुष्यात एकदाच फुलतो आणि बी टाकून मरतो. गेल्या पावसाळ्यात त्याला एकही पान आले नाही. खाली बी सांडले तेव्हा उंदीर इतके झाले की गुंजनचे, म्हणजे माझ्या नातीचे, दप्तर आढ्याला टांगावे लागे. उंदरांमागे साप आले. यंदा चैत्रात उंदीर एकाएकी निघून गेले. बी संपले म्हणून गेले, असे राजदीप म्हणतो. तसेच असेल.

गेल्या दिवाळीनंतर लालीबाई व मी ढिगाऱ्यावर चढून गेलो. वर एक भेग पडलेली आहे. लालीबाईने खोली पाहायला हातातली काठी तिच्यात सोडली. काठी पडल्याचा आवाज आला नाही. मी तहसिलात अर्ज केले आहेत, त्यांच्या पोचपावत्या माझी सून दीपा हिच्याजवळ आहेत.

४. मेलेल्या बांबूची मुळे काही वर्षे माती धरून राहतील, मग कुजतील. सांडलेल्या बियांची रोपे बोटभर उगवली आहेत, तीही पुढे धरतील. जुनी मुळे सुटणे आणि नवी धरणे यांच्या मधले जे पावसाळे आहेत, त्यांचे मला भय आहे. म्हणून माझी सक्त सूचना अशी की वाळलेला बांबू जमिनीच्या वर तोडून घ्यावा, नाहीतर एक ठिणगी पुरेल. पण खोड कुणीही उपटू नये. रोपांवर शेळी सोडू नये.

५. कंत्राटदार चारुदत्त यांना या मिळकतीतून काहीही मिळू नये, विकतसुद्धा. बाबाराव गेले त्याच महिन्यात ते ही पट्टी मागायला आले होते आणि साखर कमी म्हणून चहाचा कप अर्धा ठेवून गेले. ते मी विसरलेले नाही. आता त्यांनी राजदीपचे कान भरले आहेत.

होळीच्या सुमारास राजदीप मला म्हणाला, "माय, बांबू मेला तं मेला. जागा मोकळी होऊन राह्यली. चारुदत्तभाऊ जेसीबी देतो म्हणते. खोडं उपटून टाकू अन् मोठी शेड टाकू."

"खोडं उपटली तं मातीले धरन कोन?"

"पंचवीस वर्सं उभी हाय ना ते!"

"ते उभी नाही, राजदीप. तिले धरून ठेवली हाय."

तो हसला. सून दीपा दारात उभी होती. तिने विचारले, "माय, मुळं अजून किती टिकतीन?" कुणालाच सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने गुंजनचे कपडे भरले.

६. दीपा व गुंजन सध्या माळावर राहतात. वाळलेल्यातला चांगला बांबू निवडून, नाल्याच्या पाण्यात मुरवून, त्याचे खांब व कुडाच्या भिंती दीपा, लालीबाई व मी अशा आम्ही तिघी बायकांनी उभ्या केल्या. माती आणि शेणाने लिंपल्या. घर हलके आहे, पण वाऱ्याला उभे राहते. ते घर, माळाची दोन एकर, घरामागची पट्टी आणि माझी सर्व हत्यारे मी दीपाला देते. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे.

७. शेड आता राजदीप चालवतो, त्याला मी तिच्यातली बांबू चिरायची यंत्रे देते. मात्र ती माळावर नेली तरच. नेल्यास माळाच्या जमिनीतही त्याचा अर्धा हिस्सा राहील. खालचे घर मी कुणालाही देत नाही. ते पाडावे. दारे, पत्रे, विटा ज्याला लागतील त्याने न्याव्यात. तिथे पुन्हा चूल पेटू नये.

बापाला चिखलातून काढताना ज्याने पाहिले तो मुलगा असे का वागतो, हे लोक मला विचारतात. मला वाटते, एकदा भ्यायला लागला तर त्या शेडमध्ये त्याला तासभरही बसवणार नाही. म्हणून तो भीत नाही. माझ्यावर त्याचा राग आहे. "माही बायको पोरगी तोडली तू," असे तो म्हणाला. माझा त्याच्यावर राग नाही.

८. राजदीप जोवर खाली झोपतो तोवर माझी बाज खालीच राहील. दीपाने हात धरून ओढून पाहिले. माळावर मला झोप येत नाही. खाली निदान त्याच्या खोकल्याचा आवाज येतो.

म्हणून हे कलम. आम्ही दोघे एकाच वेळी गेलो, आधी कोण आणि नंतर कोण हे कळण्यासारखे नसले, तर सर्व काही दीपाचे, आणि तिच्यामागे गुंजनचे. यावर कुणी वाद घालू नये.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लालीबाईने करावी. तिला सही येते. आणि एक काम तिलाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला ते जमणार नाही. माती आली, तर पाऊस थांबून ती बसेपर्यंत खाली कुणी उतरू नये. ओली माती एकदा येऊन थांबत नाही. दीपा धावेल. लालीबाई, तू तिला कमरेला धर. ती तुला शिव्या देईल, चावेल. सोडू नको.

वरील मजकूर मी दोनदा वाचला. जे लिहिले ते मला मान्य आहे. खाली सही करते.

(सही) रुखमाबाई बाबाराव नगराळे

आम्ही दोघे समक्ष हजर होतो. रुखमाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. आम्हाला या मिळकतीतून काही मिळणार नाही.

साक्षीदार :
१. (सही) अश्वजित मुनेश्वर, शिक्षक, चिंचमाळ
२. (सही) हरिसिंग पवार, तांडा चिंचमाळ

सूचना देऊनही राजदीप बाबाराव नगराळे हजर राहिले नाहीत. शेडमध्ये यंत्र चालू होते.

स्थळ : चिंचमाळ, खालचा मोहल्ला
दिनांक : ४ जून २०२५