ओढ्याकाठची साफसफाई

ठमे,

हे पत्र मी टाकणार नाही, कारण उद्या तू स्वतःच येते आहेस.

वाटणीत तू द्राक्षबागेतली एक ओळही मागितली नाहीस. "दादा, ओढ्याकाठचं रान तेवढं राहू दे," एवढंच म्हणालीस. झुडपांमुळे द्राक्षांवर कीड येते म्हणून आपली द्राक्षं घेणारा वायनरीचा माणूस दरवर्षी कुरकुरायचा, तरी अकरा वर्षं मी तिथलं पान तोडलं नाही.

परवा तू कळवलंस की तुझे वनस्पतीशास्त्राचे विद्यार्थी तुझ्याबरोबर ते रान बघायला येतायत. माझी धांदल उडाली. तुझ्या पाहुण्यांपुढे एवढा गबाळेपणा? दिवसभर झुडपं कापायचं मशीन फिरवून सगळं सपाट केलं, कडेनं चुन्याची रेघही मारली. तुझ्या वहिनीनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, ते तेच बघायला येतायत ना?"

घरात सगळ्यांना सांगितलंय, चूक झाली. पण खरं सांगू? मशीन फिरवताना मला फार बरं वाटत होतं. ते रान डोळ्यांत खुपायचं. तू सगळं सोडलंस आणि मी सगळं घेतलं, हे रोज तिथं हिरवंगार दिसायचं.

उद्या आल्या आल्या तू ओढ्याकडे निघशील. मी म्हणेन, "आधी जेवून घे, मग जाऊ."

तुझा,
दादा