देवघरातली बदकवेल

३ मार्च
यांच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कने बदकवेलीचं रोप दिलं. फुकट. कळी थेट बदकासारखी आणि फूल ताटलीएवढं, म्हणे. म्हणजे देवाला एक वाहिलं की देव झाकला. फूलवालीला आजपासून बंद केलं. हे विचारतात, तोवर देवाला काय? म्हटलं, अक्षता. देवाला घाई नसते, तुम्हालाच असते.

११ एप्रिल
वेल खिडकीच्या गजांवर चढली. तांदूळ धुतलेलं पाणी तिलाच. नणंदेला फोन करून कळवलं. ती कुंडीतल्या चार गुलाबांवर फार मिरवते.

२० जुलै
नुसती पानं. धाकटी लेक म्हणाली, आई, इंटरनेटवर लिहिलंय, या फुलाला वास असतो. असणारच. बिनवासाचं फूल देवाला काय करायचंय? ती आणखी काही सांगत होती, पण कुकरची शिट्टी झाली.

५ ऑगस्ट
कळी आली. हुबेहूब बदक. नणंदेला रविवारी दर्शनाला बोलावलं. देवाच्या नव्हे, फुलाच्या. तसं बोलले मात्र नाही.

९ ऑगस्ट, सकाळ
उमललं. जांभळट, जाळीदार, खाली लांब शेपूट. श्वास रोखून तोडलं. देवाचं फूल हुंगू नये. वाहिलं. डोळे भरून आले.

दुपार
डोळे अजून भरून येताहेत. घरात उंदीर मेलाय. यांना दोन्ही कपाटं सरकवायला लावली. धाकटी नाक दाबून देवघराकडे बोट दाखवते. चार बुकं शिकली की देवावरसुद्धा संशय.

संध्याकाळ
नणंद उंबऱ्यातच थांबली, नाकाला पदर. म्हणाली, वहिनी, तुमचा देव मटण कधीपासून खायला लागला? मी अख्खी उदबत्ती लावली. एरवी अर्धीच लावते. फुलावरच्या माश्या हलल्या नाहीत. ती चहा न घेता गेली. तेवढं दूध वाचलं.
मग हे म्हणाले, एकदा स्वतः हुंगून तर बघ. हुंगलं. बराच वेळ मी पलंगावर पडून होते.

१० ऑगस्ट
उंदीर सापडला नाही. नणंदेची दृष्ट, दुसरं काय. वेल हेडक्लार्कला परत पाठवली. हे नेईनात, रिक्षाने पाठवली.
फूलवालीला पुन्हा सांगितलं. ताजी पुडी आली. देवघराचं दार लोटून आधी हुंगली, मग वाहिली. देव बघत होता.