ह्यांनी भरून ठेवलेला बार

९ ऑक्टोबर, गुरुवार
राजू आणि सूनबाई काल पनवेलला गेली. तेराव्याला आणलेली भांडी ज्याची त्याला पोचवली. सुपारी गोळा करायला गडी सांगितला होता, आला नाही.

दुपारी पोलीस पाटील आला. प्रकाश. चहा घेतला, आगराकडे बघत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काकी, काकांची बंदूक ठाण्यात जमा करावी लागेल. परवाना त्यांच्या नावाचा. माणूस गेला की संपला."

परवाना संपला असं म्हणायचं होतं त्याला. बोलला आणि त्यालाच कसंतरी झालं. कप उचलून स्वतःच मोरीत नेऊन ठेवला.

बंदूक माजघरात कोपऱ्यात उभी आहे. त्या दिवशी हे आगरात कोसळले, ह्यांना उचलून आणलं तेव्हा कोणीतरी तीही आणून ठेवली. निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका जमा करतात. हे बोर्लीच्या ठाण्यातून हात हलवत परत यायचे, म्हणायचे, पोराला वसतिगृहात सोडून आल्यासारखं वाटतं. आता सोडायची ती कायमची.

११ ऑक्टोबर, शनिवार
हमीदभाईंना बोलावून घेतलं. पलीकडचं आगर त्यांचं. त्यांच्याकडेही हीच ठासणीची बंदूक. दोघांच्या वडिलांनी एकाच कारागिराकडून एकदम करून घेतलेल्या, नळीत सुताचा फरक नाही.

म्हटलं, द्यायच्या आधी पुसून द्या. त्यांनी बार ठासायचा गज काढला, नळीत घातला. गज पुरता आत गेला नाही. काढून पुन्हा घातला. मग तिथेच जमिनीवर बसले.

"वहिनी, ही भरलेली हाय."

मला कळेना. म्हटलं, मग काढा की.

"काडतूस असतं तर काढून तुमच्या हातात दिलं असतं. हिचं तसं न्हाय. तोंडातनं ठासलेलं एकतर बार काढून जाणार, न्हायतर कोरून काढायचं." मग माझ्यावरच ओरडले. "इतके दिवस रोज रात्री तुम्ही हिच्या बाजूला झोपलात?"

बार पेटवणारी वरची टोपी कोणीतरी काढली होती, तेवढं बरं.

हे भरलेली बंदूक कधी घरात आणत नसत. आगरातच शेवटचा बार काढून मग घरी. त्या दिवशी काढायला झालंच नाही.

ह.भाई म्हणाले, आत्ता समुद्राकडे तोंड करून उडवून टाकतो. मी म्हटलं, आज नको.

१२ ऑक्टोबर, रविवार
ह्यांच्या हातचं घरात काय काय आहे ते आज बघत होते. मागच्या दाराची कडी. माझ्या चपलेला मारलेला टाका. विहिरीवरचा रहाट, तो तर अर्धाच दुरुस्त. आणि हा बार. त्या दिवशी सकाळी भरलेला.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात वानरांनी शहाळी पाडून पाडून टाकली. हे जेवताना म्हणाले, "नुसत्या आवाजाला ती आता भीक घालत नाहीत. या खेपेला छर्रा घालतो." जन्मभर नुसती दारू ठासून बार काढणारा माणूस. त्या टोळीत पोटाला पिल्लू चिकटलेली एक मादी होती, ह्यांनीच मला बोट करून दाखवली होती. तरी तसं बोलले.

खरंच छर्रा घातला होता का?

१४ ऑक्टोबर, मंगळवार
राजूचा फोन. त्याला सांगितलं. म्हणाला, "आई, बाबांनी आत काय भरलं होतं ह्याने आता काय फरक पडतो? उडवून टाका आणि देऊन टाका. घरात असली वस्तू नको."

बरोबर आहे त्याचं. फरक कोणालाच पडत नाही. मला पडतो.

रागावलेले गेले की नेहमीसारखे, एवढंच कळायला हवंय.

१५ ऑक्टोबर, बुधवार
ह.भाईंनीच युक्ती काढली. नळी सारखी, दारू दोघांची एकाच दुकानातली, अर्धी अर्धी वाटून घेतलेली. तेव्हा त्यांच्या बंदुकीत एकेक प्रकार भरायचा, गज किती बोटं बाहेर राहतो ते बघायचं. आपल्या बंदुकीशी जुळेल तो प्रकार.

आपल्या बंदुकीत गज पाच बोटं वर राहतो.

खाडीकडच्या बांधापाशी गेलो. तेलाचा रिकामा डबा ठेवला. आधी जाड दारू, नुसता काथ्याचा बोळा. तीन बोटं. बार ढोलावर थाप पडावी तसा, भरदार. हा ह्यांचा नेहमीचा. स्वयंपाकघरातून ऐकला की मी चहाचं आधण ठेवायची. आजही हात उगाच पुढे झाला.

मग बारीक दारू. तीनला थोडं कमी. आवाज कोरडा, कानाला लागणारा. हा ह्यांचा नव्हे.

मग जाड दारू आणि वर बारीक छर्रा. साडेतीनच्या आतबाहेर. डब्याला बारीक बारीक भोकं. मग जड छर्रा. तेवढंच, पण डबा उडून बांधापलीकडे गेला. मी तो उचलायला गेले, बघवला नाही.

पाच बोटं कशातच येईनात.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
जुम्म्याची नमाज करून ह.भाई पुन्हा आले. खांदा सुजलेला. भाभी मागून कुंपणापर्यंत आल्या आणि मला ऐकू येईल अशा बेताने म्हणाल्या, "पोरं अंगणात फटाके उडवतात, आमचा म्हातारा बांधावर. हळद लावून लावून माझे हात पिवळे झाले."

"तू घरात जा गं."

"जाते. दुसरा खांदा शिल्लक हाय ना, तोपण घेऊन या."

आज छर्ऱ्याचं वजन वाढवत नेलं. दारू तीच ठेवून छर्रा दीडपट. मग गोळी घालून बघितली. गोळीने बांधात ढेकूळ फुटलं, पण गज चारच्या वर जाईना. ह.भाई बंदूक खाली ठेवून बसून राहिले. 

शेवटी म्हणाले, "वहिनी, दोनदा भरली असणार. आधी भरलेली विसरला आणि वरनं पुन्हा ठासली. होतं असं. अशी उडवली तर नळी फाटते."

म्हटलं, ते विसरणारे नव्हते.

"वय झालं की..."

"भाई, चष्मा डोळ्यावर ठेवून शोधायचे, तेवढंच. बंदुकीचं नाही."

बंदूक उचलून निघाले. मीही. घरी येऊन विचार केला, मी तरी कुठे रोज बघत होते. शेवटच्या दिवसांत काय काय विसरत होते, मला सगळं माहीत होतं असं कसं म्हणू. रागाने छर्रा घातला हे बरं, की भान सुटून दोनदा भरली हे बरं. दोन्ही नको वाटतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार
पाडवा. यंदा दिवाळी नाहीच. ओवाळायचं ताट काढलं नाही. भाभींनी सांदणं करून पाठवली. दोन खाल्ली.

२५ ऑक्टोबर, शनिवार
प्रकाश सकाळी दारात. "काकी, ठाण्यातून विचारणा झाली. मी सांगितलं, बाई एकटी आहे, सुतक झालं, दिवाळी झाली. आता काय सांगू? सोमवारी नेऊ या."

भरलेली आहे हे त्याला आज सांगितलं. पांढरा पडला. "अहो काकी! आणि मी त्या दिवशी शेजारी बसून चहा प्यालो!"

उद्या बार काढायचं ठरलं. प्रकाश म्हणाला, मी हजर राहतो. ह.भाई म्हणाले, हातात धरून नाही. झाडाला बांधून, दोरीने.

आज मलाही पटलं. ह्यांनी तो भरला होता तो वाजवायलाच. मी धरून ठेवून काय करणार?

२६ ऑक्टोबर, रविवार
सकाळी रतांब्याच्या झाडाला बंदूक करकचून बांधली. तोंड खाडीकडे. चापाला नारळाची दोरी, ती विहिरीच्या मागेपर्यंत. ह.भाईंनी टोपी बसवली, धावत आले. त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं.

म्हणाले, "मी ओढतो."

म्हटलं, द्या इकडे.

डोळे मिटले नाहीत. आवाज नीट ऐकायचा होता. भरदार आला तर नेहमीचा. दुसरा कसला आला तर तो. दोरी ओढली.

टोपी फुटली, टिचकी वाजावी तेवढं. पुढे काही नाही.

बराच वेळ कोणी जागचं हललं नाही. मग दुसरी टोपी. तिसरी. तेच. ह.भाई म्हणाले, "दारू मेली. ओल धरली." पण महिनाभरात कशी धरेल, असं स्वतःशीच पुटपुटत राहिले.

टोपी बसते त्या भोकातून पाणी सोडलं, म्हणजे आतली दारू पुरती भिजेल. रात्रभर तशीच ठेवायची, उद्या कोरून काढायची. मला वाटलं होतं आज एकदा तरी ऐकू येईल. जेवले नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार
गजाच्या टोकाला मळसूत्र लावून ह.भाईंनी वरचा बोळा बाहेर ओढला. काथ्या, दोन पदर पिळून मध्ये मुडपलेला. ह्यांचीच पद्धत. मी तो हातात घेतला.

मग नळी परातीत उपडी करून ठोकली. मी छर्ऱ्याचा आवाज ऐकायला टपून होते, परातीत पडला असता तर टणटण वाजला असता. तसं काही वाजलं नाही. ओलसर, राखाडी खडे पडले. खूप. प्रकाश म्हणाला, "हे काय? तुरटी?"

ह.भाईंनी एक खडा जिभेला लावला. थुंकले. माझ्याकडे बघितलं.

"मीठ हाय."

 मग तेच सुरू झाले. "खडे मीठ! पन्नास वर्षं बंदूक धरली ह्या माणसाने, आणि मीठ ठासलं! अरे अनंता, वेड्या, लोखंडात मीठ घालतात होय? त्यानेच ओल खेचली, बार उडेल कसा! लागलं तर चुरचुरावं, मरू नये म्हणून... सांगायचं तरी मला!" ओरडता ओरडता पंचा डोळ्याला लावला. प्रकाश उठून विहिरीकडे गेला.

मिठाखाली दुसरा बोळा, आणि त्याखाली भिजलेली दारू. एकच माप, त्यांचं रोजचं. दोनदा भरली नव्हती.

म्हणजे रागावले होते, ते खरं. आणि तरीसुद्धा.

मला न विचारता बरणीतून घेतलं. ह्या माणसाला धड रागही करता आला नाही.

ह.भाईंनी मग नळीत पाणी घातलं. लालभडक आलं, गंजाचं. म्हणाले, "अशीच दिली तर ठाण्यात कोपऱ्यात पडून एका पावसात संपेल. मीठ आत शिरलंय. गरम पाण्याने धूत राहायचं, साफ पाणी येईपर्यंत. मग खोबरेल." प्रकाशने विचारलं, किती दिवस? "येईल तेव्हा येईल."

प्रकाश म्हणाला, "ठीक आहे. साफ झाली की मला सांगा. भरलेली नाही ना, मग मी सांभाळून घेतो दोन दिवस."

३० ऑक्टोबर, गुरुवार
रोज सकाळी आधी पाणी तापवते, मग चहा. नळीत ओतायचं, चिंधीने आत घासायचं, परातीत सोडायचं. लाल. थोडं कमी लाल. हात काळे होतात, लोखंडाचा वास जात नाही.

ह.भाई येऊन बघून जातात. आज कुंपणावरूनच म्हणाले, "वहिनी, वारस म्हणून तुमच्या नावाने परवाना मागा. आगर तुम्हालाच राखायचंय. बायकांना देत न्हायत असं थोडंच हाय. मी शिकवतो."

भाभी आतून, "आधी स्वतःचा खांदा बरा करा, मास्तर!"

 राजूला फोनवर मिठाचं सांगितलं.  मग म्हणाला, "बाबा पण ना." बंदूक देऊन टाक, असं आज म्हणाला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार
सकाळी वानरं आली. विहिरीकडच्या माडावर. मादीही होती. पिल्लू आता पोट सोडून वेगळं फांदीवर बसतं, पडेल पडेल असं वाटतं, पडत नाही. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शहाळं पाडलं. डबा वाजवला. दुसरं पाडलं.

दुपारी ह.भाईंना विचारलं, परवान्याला डोळे तपासतात का? म्हणाले, तपासतात. पुढे त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जाताना मात्र त्यांची बंदूक मला खांद्याला लावून धरायला लावली. रिकामीच. जड आहे. "दस्ता गालाला लागू दे. भ्यायचं न्हाय."

संध्याकाळी नळी धुतली. पाणी पांढऱ्या वाडग्यात सोडून बघितलं. साफ आलं. पुन्हा ओतलं, पुन्हा साफ. पुसली, खोबरेल लावून कोपऱ्यात उभी केली.

तेवढ्यात प्रकाशचा फोन. "काकी, झालं का? उद्या नेऊ ना?"

म्हटलं, "नाही रे. अजून लालच येतंय."